साक्षीचे वजन आणि निर्णयाची जबाबदारी

शासकीय कारभारात निर्णयासाठी येणाऱ्या प्रकरणांपैकी फार थोडी अशी असतात, की ज्यांचा निकाल एकाच कसोटीवर लागू शकतो. कोणत्या पुलाची दुरुस्ती आधी हाती घ्यावी, पावसाळ्यापूर्वी तलावातील पाणी किती खाली आणावे, पाणीपुरवठ्याची योजना कोणत्या गावी प्रथम राबवावी, अशा प्रत्येक प्रश्नात खर्च, सुरक्षितता, लोकसंख्या व निकड हे निकष एकमेकांशी झगडत असतात. अशा वेळी तज्ज्ञांची समिती नेमण्यात येते, तिच्यापुढे निकषांचा तक्ता ठेवण्यात येतो, आणि सदस्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढून कामांचा क्रम लावण्यात येतो.

ही पद्धत सोयीची आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यात एक मोठी उणीव आहे. एखाद्या बाबीविषयी तज्ज्ञाला पुरेशी माहिती नसेल, तर त्याने काय लिहावे, यासाठी तक्त्यात रकानाच नसतो. दहापैकी पाच गुण देऊन तो मोकळा होतो. ‘स्थिती मध्यम आहे’ आणि ‘स्थिती ठाऊक नाही’ या दोन अगदी भिन्न गोष्टी त्या पाचाच्या आकड्यात एकरूप होतात. आणि पुढे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वेगळ्या करता येत नाहीत. गेल्या अर्धशतकात गणितज्ञांनी विकसित केलेली ‘विश्वास-फलन’ पद्धती नेमकी हीच उणीव दूर करू पाहते. तिचे गणित नवे असले, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आहे. दीडशे वर्षांपूर्वी बडोदे येथे, म्हणजे आजच्या वडोदरा शहरात, तो फार ठळकपणे उभा राहिला होता.

बडोद्याचा चौकशी आयोग

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांनी नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत घेतले. दोनचार घोटांतच त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रासायनिक तपासणीत त्या गाळात सोमल व हिऱ्याची पूड असल्याचे निष्पन्न झाल्याचे सांगण्यात आले. विषप्रयोगाचा संशय थेट महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर घेण्यात आला. जानेवारी १८७५ मध्ये त्यांना अटक झाली आणि चौकशीसाठी सहा सदस्यांचा आयोग नेमण्यात आला.

आयोगाच्या रचनेत समतोल राखण्यात आला होता. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच हे अध्यक्ष होते. सर रिचर्ड मीड व मेलव्हिल हे अन्य दोन इंग्रज सदस्य होते. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे तीन भारतीय सदस्य होते. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. फेब्रुवारी व मार्च १८७५ मध्ये सुनावणी झाली. साही सदस्यांनी एकाच दालनात बसून त्याच साक्षी ऐकल्या, तेच कागद पाहिले. तरीही निष्कर्ष जुळला नाही. तिघा इंग्रज सदस्यांच्या मते आरोप सिद्ध झाला होता. तिघा भारतीय सदस्यांनी महाराजांवरील विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही.

तीन विरुद्ध तीन असा हा कौल होता. येथे सरासरी काढली, तर उत्तर निम्मे येते. परंतु त्या निम्म्याचा अर्थ काय? महाराज अर्धे दोषी होते, असा अर्थ तर कोणीच काढणार नाही. ‘दोष नाही’ असे म्हणणे आणि ‘दोष दाखविण्याइतका पुरावा नाही’ असे म्हणणे यांत जे अंतर आहे, तेही त्या आकड्यात दिसत नाही. अखेरीस हिंदुस्थान सरकारने आयोगाच्या निष्कर्षाचा आधारच सोडून दिला. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले, ते विषप्रयोगाच्या आरोपावरून नव्हे, तर गैरकारभाराच्या कारणास्तव. त्यानंतर २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी कवळाणे येथील गोपाळराव यांना दत्तक घेतले. तेच पुढे महाराज सयाजीराव म्हणून विख्यात झाले. एका संस्थानाचे भवितव्य बदलले. पण ज्या प्रश्नासाठी आयोग बसला होता, तो प्रश्न अनिर्णितच राहिला.

सिद्ध, खोटे आणि अनिश्चित

विशेष म्हणजे या प्रश्नाचा विचार त्या काळच्या कायद्यात झालेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ साली लागू झालेल्या पुराव्याच्या कायद्याने कोणत्याही वस्तुस्थितीसाठी दोन नव्हे, तर तीन अवस्था मानल्या होत्या: सिद्ध झालेली, खोटी ठरलेली आणि सिद्ध न झालेली. यांतील तिसरी अवस्था पहिल्या दोहोंपासून सर्वस्वी वेगळी आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हा त्रिविध भेद कायम ठेवण्यात आला आहे.

विश्वास-फलन पद्धतीचे सूत्र याहून वेगळे नाही. कायदा जे शब्दांत सांगतो, ते ती आकड्यांत मांडते. या पद्धतीचा पाया अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ आर्थर डेम्पस्टर यांनी १९६७ मध्ये घातला. ग्लेन शेफर यांनी १९७६ मध्ये पुराव्याच्या गणिती उपपत्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध करून तिला पूर्ण रूप दिले. म्हणून ती ‘डेम्पस्टर-शेफर उपपत्ती’ या नावानेही ओळखली जाते. साक्षीदारांच्या विश्वासार्हतेचे गणित मांडण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. इंग्लंडमध्ये जॉर्ज हूपर यांनी १६९९ मध्ये, तर स्वित्झर्लंडचे याकोब बर्नुली यांच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो विचार आढळतो.

शंभर भागांची वाटणी

सर्वसामान्य संभाव्यतेच्या गणितात एखाद्या गोष्टीला तीस टक्के दिले, की तिच्या विरुद्ध गोष्टीला आपोआप सत्तर टक्के मिळतात. विश्वास-फलनात तसे बंधन नाही. प्रत्येक तज्ज्ञाकडे विश्वासाचे शंभर भाग आहेत, असे समजावे. ‘पूल धोकादायक आहे’ या विधानाला जितका पुरावा असेल तितके भाग त्याने तिकडे द्यावेत. ‘पूल सुरक्षित आहे’ याला जितका पुरावा असेल तितके इकडे द्यावेत. आणि उरलेले भाग ‘सांगता येत नाही’ या तिसऱ्या खात्यावर जमा करावेत. तिसरे खाते रिकामे ठेवण्याची सक्ती त्याच्यावर नसते.

यातून प्रत्येक विधानासाठी एकाऐवजी दोन आकडे मिळतात. विधानाच्या बाजूने प्रत्यक्ष जमा झालेले भाग म्हणजे ‘विश्वास’. आणि त्या विधानाच्या विरुद्ध न गेलेले सर्व भाग म्हणजे ‘शक्यता’. समजा, एका अभियंत्याने धोक्याला ६० भाग दिले, सुरक्षिततेला काहीच दिले नाही आणि ४० भाग अनिश्चित ठेवले. तर धोक्याविषयीचा विश्वास ६० आणि शक्यता १०० होते. या दोहोंमधील अंतर म्हणजे त्या तज्ज्ञाच्या अज्ञानाचे प्रांजळ माप होय.

आता दुसऱ्या अभियंत्याने त्याच पुलाची स्वतंत्रपणे पाहणी केली आणि धोक्याला ५० भाग देऊन ५० भाग अनिश्चित ठेवले, असे धरू. सरासरी काढल्यास धोक्याला ५५ मिळतील. म्हणजे दोघांच्या एकमतानंतरही पहिल्याचे मत दुबळेच झाले. व्यवहारात कोणी असा विचार करणार नाही. दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तीच गोष्ट सांगितली, तर खात्री वाढावयास हवी. डेम्पस्टर यांच्या नियमाप्रमाणे दोघांचीही खाती अनिश्चित असण्याचा भाग ४० व ५० यांच्या गुणाकाराने, म्हणजे २०, एवढाच उरतो. बाकीचे ८० भाग धोक्याच्या बाजूने जातात. दोन साक्षींनी मिळून एकीपेक्षा अधिक बळ दिले, हे या हिशेबात दिसते.

मतभेद आणि विश्वासार्हता

तज्ज्ञ नेहमी एकमतानेच बोलतात, असे नाही. पहिल्याने धोक्याला ६० व अनिश्चिततेला ४०, तर दुसऱ्याने सुरक्षिततेला ५० व अनिश्चिततेला ५० भाग दिले, असे समजू. दोहोंचा गुणाकार करता ३० भाग धोक्याला, २० सुरक्षिततेला व २० अनिश्चिततेला मिळतात. उरलेले ३० भाग सरळ विसंवादाचे होत, कारण एकच पूल एकाच वेळी धोकादायक व सुरक्षित असू शकत नाही. विसंवाद वगळून राहिलेल्या ७० भागांचे पुन्हा शंभर केले, तर धोका सुमारे ४३, सुरक्षितता २९ आणि अनिश्चितता २९ असा निकाल येतो. विसंवादाचे ते ३० भाग मात्र टिप्पणीत स्वतंत्रपणे नोंदविले पाहिजेत, कारण समितीत मतभेद किती खोल होता याचे ते निदर्शक आहेत.

येथेच विश्वासार्हतेचा प्रश्न उपस्थित होतो. समजा, दुसऱ्या तज्ज्ञाने पूल केवळ काठावरून पाहिला. खांब व तुळया यांच्यामधील आधार त्याला जवळून तपासता आले नाहीत. मग त्याच्या मताचे वजन निम्मे धरावे. याचा अर्थ त्याचे मत उलटे समजावे असा नाही. वजा केलेले भाग विरुद्ध बाजूला न देता अनिश्चिततेच्या खात्यात टाकावयाचे असतात. त्यामुळे सुरक्षिततेला २५ आणि अनिश्चिततेला ७५ भाग राहतात. पुन्हा हिशेब केल्यास धोका सुमारे ५३, सुरक्षितता १२ व अनिश्चितता ३५ असे उत्तर येते. बडोद्याच्या खटल्यात बॅलंटाइन यांचा सारा भर याच मुद्द्यावर होता. माफीच्या आशेने बोलणाऱ्या आणि पोलिसांच्या ताब्यात जबान्या दिलेल्या साक्षीदारांचे शब्द पूर्ण वजनाने घ्यावेत काय, हा त्यांचा प्रश्न होता. साक्ष खोटी आहे असे दाखविता आले नाही, तरी तिचे वजन कमी करता येते, हे न्यायालयीन तत्त्व या गणितात जसेच्या तसे उतरले आहे.

अनेक निकषांचा मेळ

आतापर्यंतचा विचार एका प्रश्नापुरता झाला. प्रत्यक्षात निकष अनेक असतात. निकषांना महत्त्वांक देऊन पर्यायांचा क्रम लावण्याच्या पद्धतींपैकी टॉमस साटी यांची श्रेणीबद्ध विश्लेषणाची पद्धत १९८० च्या सुमारास जगभर रूढ झाली. पुढे संशोधकांनी तिची विश्वास-फलनाशी सांगड घातली. फ्रान्समध्ये झाँ-मार्क टाकने व झाँ देझेर यांनी डोंगराळ मुलखातील हिमस्खलन व पूर यांच्या धोक्याचे मूल्यमापन करताना अशी पद्धत विकसित केली. तेथे मोजमापे अपुरी असतात आणि तज्ज्ञांच्या अनुभवावरच बरेचसे विसंबावे लागते.

या कामात त्यांनी स्पष्ट केलेला एक भेद प्रत्येक समितीने ध्यानात ठेवावा असा आहे. निकषाचे महत्त्व आणि माहितीची विश्वासार्हता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुलाची रचनात्मक स्थिती हा अतिशय महत्त्वाचा निकष असला, तरी तिच्याविषयी हाती असलेली माहिती दुबळी असू शकते. उलट वाहनांची मोजणी अचूक असेल, पण तो निकष दुय्यम असेल. या दोहोंचा एकाच आकड्यात घोळ केला, तर अचूक मोजता येणारी गोष्टच महत्त्वाची ठरते, आणि जी महत्त्वाची आहे ती मोजता येत नाही म्हणून मागे पडते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तालुक्यात क, ख व ग असे तीन जुने पूल आहेत आणि यंदा एकाच पुलाच्या दुरुस्तीपुरता निधी आहे. सर्व निकषांचा व तज्ज्ञमतांचा मेळ घातल्यावर ‘दुरुस्ती तातडीची आहे’ या विधानासाठी क पुलाचा विश्वास ५५ व शक्यता ७०, ख पुलाचा विश्वास ३५ व शक्यता ९०, आणि ग पुलाचा विश्वास १५ व शक्यता ३० आली. गुणांची सरासरी काढणाऱ्या तक्त्यात क व ख हे दोन्ही पूल साडेबासष्टच्या आसपास बरोबरीत दिसले असते. विश्वास-फलनाने मात्र दोहोंतील भेद उघड होतो. क पुलाविषयी समितीला पुष्कळ माहिती आहे आणि ती चिंताजनक आहे. ख पुलाविषयी समितीला फारच थोडे ठाऊक आहे; तो ठणठणीत असू शकेल, किंवा तिघांत सर्वाधिक धोक्याचा असू शकेल. ग पूल पुढील वर्षावर टाकण्यास हरकत नाही.

येथे निर्णयही निरनिराळे होतात. क पुलाच्या दुरुस्तीचा आदेश निघावा. ख पुलाची सविस्तर तपासणी तत्काळ व्हावी आणि ती होईपर्यंत जड वाहनांची वाहतूक थांबवावी. जेथे चूक माणसांच्या जिवावर बेतू शकते, तेथे विश्वासापेक्षा शक्यतेच्या आकड्याकडे पाहून पाऊल उचलणे हे सावधगिरीचे लक्षण होय. विश्वास आणि शक्यता यांतील रुंद अंतर ही फाईल बाजूला ठेवण्याची सबब नसून, माहिती मिळविण्याचा तो आदेश आहे.

वडोदऱ्यातील ताजे प्रसंग

हा विचार केवळ पुस्तकी नाही. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी वडोदरा जिल्ह्यातील पादरा तालुका व आणंद जिल्हा यांना जोडणाऱ्या, मही नदीवरील गंभीरा पुलाचा भाग कोसळला. १९८५ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा पूल रोजच्या रहदारीत होता. वाहने नदीत पडून किमान वीस जणांना प्राण गमवावे लागले. जुन्या पुलांविषयी आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, याची वेगवेगळी नोंद ठेवणे किती आवश्यक आहे, हे या दुर्घटनेने देशातील प्रत्येक बांधकाम यंत्रणेपुढे ठेवले आहे.

त्याआधी ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस वडोदरा शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांहून वर मजल मारली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. या नदीच्या पुराचा विचार करताना आजवा येथील सयाजी सरोवराचाही विचार करावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर सरोवर रिकामे ठेवावे, तर पुराला जागा मिळते. पण पाऊस कमी झाल्यास शहराच्या पिण्याच्या पाण्याची चिंता उत्पन्न होते. नदीच्या पात्राचे रुंदीकरण करावे, तर काठावरील वस्तीचा आणि पात्रात नांदणाऱ्या मगरींच्या अधिवासाचा प्रश्न येतो. जलशास्त्रज्ञ, नगररचनाकार व वन्यजीव अभ्यासक यांपैकी प्रत्येकाला आपल्या विषयातले पुष्कळ आणि इतरांच्या विषयातले थोडे ठाऊक असते. अशा वेळी प्रत्येकाकडून सर्व निकषांवर गुण मागण्यापेक्षा, ज्याला जितके ठाऊक आहे तितकेच त्याच्याकडून घेणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

पद्धतीच्या मर्यादा

कोणत्याही पद्धतीप्रमाणे हिच्याही मर्यादा आहेत. लोत्फी झादे यांनी १९७९ मध्ये दिलेले उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. एका वैद्याच्या मते रोग्याला मेंदूज्वर असण्याचा संभव ९९ टक्के व गाठ असण्याचा एक टक्का आहे; दुसऱ्याच्या मते मेंदूला मार बसला असण्याचा संभव ९९ टक्के व गाठ असण्याचा एक टक्का आहे. डेम्पस्टर यांचा नियम आंधळेपणाने लावला, तर बाकी सर्व विसंवादात वाहून जाते आणि गाठ असल्याचे शंभर टक्के निश्चित होते! दोघांनीही जवळजवळ नाकारलेली गोष्ट खरी ठरते. यावर उपाय म्हणून विसंवादाचे भाग अनिश्चिततेच्या खात्यात टाकणारे, किंवा संबंधित मतांमध्ये प्रमाणात वाटून देणारे अन्य नियम पुढे आले. याचा व्यावहारिक बोध असा, की विसंवाद फार मोठा असेल, तेव्हा गणित थांबवून तज्ज्ञांना पुन्हा एकत्र बसवावे आणि मतभेदाचे मूळ शोधावे.

दुसरी मर्यादा स्वतंत्रतेची आहे. मतांचे बळ वाढते, ते ती मते स्वतंत्र असतील तरच. दोन अभियंत्यांनी एकच जुना अहवाल वाचून मत दिले असेल, तर त्या दोन साक्षी नसून एकाच साक्षीचे दोन उच्चार आहेत. त्यांचा गुणाकार केल्यास खोटी खात्री निर्माण होईल. तिसरी गोष्ट अशी, की आकडे कितीही नेटके असले, तरी ते माणसाच्या अंदाजातूनच आलेले असतात. गणित मत सुधारीत नाही. मतात जे दडले आहे, ते उघड करून दाखविते.

कार्यालयीन व्यवहारात काय करता येईल

या पद्धतीचा पूर्ण अवलंब करण्यासाठी संगणक व प्रशिक्षित मनुष्यबळ लागेल. तथापि तिचे सार अंगीकारण्यासाठी तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. समितीच्या गुणतक्त्यात ‘माहिती अपुरी’ असा एक रकाना वाढवावा. मताबरोबर त्याचा आधार, म्हणजे प्रत्यक्ष पाहणी, चाचणी, जुना अहवाल की केवळ अनुभव, याची नोंद घ्यावी. निकषाचे महत्त्व आणि माहितीची विश्वासार्हता यांचे आकडे वेगळे लिहावेत. मते एकत्र करण्यापूर्वी ती स्वतंत्र आहेत काय, हे पाहावे. मतभेद झाल्यास तो सरासरीत लपवू नये. टिप्पणीत स्पष्टपणे मांडावा. आणि ज्या बाबीत अनिश्चितता मोठी आहे, तेथे पुढील तपासणी कोणी व किती दिवसांत करावयाची, हे त्याच आदेशात नमूद करावे.

‘ठाऊक नाही’ असे लिहिणे हे पुष्कळदा कमीपणाचे मानले जाते. वस्तुतः तज्ज्ञाने आपल्या ज्ञानाची सीमा दाखविणे हा त्याच्या अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग असू शकतो. अखेर निर्णयाची जबाबदारी सक्षम अधिकाऱ्याचीच असते. ती कोणत्याही सूत्रावर टाकता येत नाही. परंतु ती पार पाडताना त्याच्यापुढे ठेवलेल्या कागदावर ज्ञान आणि अज्ञान यांची सरमिसळ झालेली नसावी, एवढी अपेक्षा करण्याचा हक्क त्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या नागरिकाला निश्चितच आहे.